ज्या आडनावाला फाशी होती

भाचा ग्लासगोला शिकायला आहे. परवा त्याने एडिंबरोच्या एका दुकानातला फोटो पाठवला. पर्यटकांसाठीचं दुकान, भिंतीला लागून फिरते स्टँड, आणि त्यांवर आडनावांप्रमाणे लावलेल्या कीचेन, कप, चौकडीचे मफलर. खाली मेसेज: "मामा, दुकानदाराचं आडनाव ग्रँट, पण तो म्हणतो आम्ही मूळचे मॅकग्रेगर. माझ्या वर्गात एक व्हाइट आहे, तोही म्हणतो आम्ही मॅकग्रेगर. फेकतायत का हे लोक?"

फेकत असतीलच असं नाही. स्कॉटलंडमध्ये एक काळ असा होता की 'मॅकग्रेगर' हे आडनाव लावलं तर कायद्याने मृत्युदंड होता. 1603 साली लागलेली ही बंदी कायमची उठली ती 1774 साली. मधली बत्तीस वर्षं सोडली तर सुमारे एकशे चाळीस वर्षं हे आडनाव बेकायदेशीर होतं. तेवढ्या काळात माणसं मेली, पळाली, आणि बरीचशी ग्रँट, मरे, कॅम्बेल, व्हाइट झाली.

एखाद्या आडनावावर सरकार इतकं का चिडतं, ते समजून घ्यायला थोडं मागून सुरुवात करावी लागेल.

'मॅक' म्हणजे काय, 'क्लॅन' म्हणजे काय?

स्कॉटलंडच्या वायव्येकडचा डोंगराळ भाग म्हणजे हायलँड. तिथली जुनी भाषा गेलिक. त्या भाषेत 'मॅक' म्हणजे मुलगा. मॅकडोनाल्ड म्हणजे डोनाल्डचा मुलगा, मॅकग्रेगर म्हणजे ग्रेगरचा. मुलीला 'निक' लागतं. 'एमसी' लिहिलं तर आयरिश आणि 'एमएसी' लिहिलं तर स्कॉटिश, असं आपल्याकडेही ठामपणे सांगणारे भेटतात. तसं काही नाही. एक लिखाणातला संक्षेप आहे, दुसरं पूर्ण रूप.

ग्रेगर हे नाव मुळात गेलिकही नाही. ग्रीक भाषेतल्या 'जागा राहणारा' अशा अर्थाच्या शब्दापासून ते लॅटिनमध्ये आलं आणि चर्चबरोबर डोंगरात पोचलं. आपल्या भिंतीवरच्या कॅलेंडरला ग्रेगोरियन म्हणतात ते ज्या पोपच्या नावावरून, त्याचंही नाव हेच. जागे राहणाऱ्याची मुलं! पुढे त्यांच्यावर जी वेळ आली ती पाहता नाव फारच लागू पडलं.

'क्लॅन' हाही गेलिक शब्द, मूळ अर्थ लेकरं. मराठीत त्याला कूळ म्हणावं. पण कूळ म्हणताना सगळे एका रक्ताचे असं समजू नये. क्लॅनमध्ये सरदाराचे सख्खे-चुलत होते, तसे त्याच्या आश्रयाला आलेले, त्याची जमीन कसणारे, त्याच्या खोऱ्यात राहून त्याचं नाव लावणारेही होते. शिवाय गावातला साधा माणूस रोजच्या जगण्यात आडनाव वापरतच नसे. तो 'काळ्या इयनच्या अलास्दरचा डंकन' असायचा. आपल्या खेड्यात कुणी आडनावाने विचारलं तर दहा घरं दाखवतात, आणि 'लंगड्या म्हादूचा नातू' म्हटलं की थेट दारात नेऊन सोडतात. तोच प्रकार. आडनाव बाहेरच्या जगासाठी: कोर्टासाठी, करारासाठी, लढाईसाठी.

राजाचे वंशज, हे खरं का?

मॅकग्रेगरांचं ब्रीद आहे, 'माझा वंश राजाचा'. नवव्या शतकातला राजा केनेथ मॅकअल्पिन याच्या घराण्याशी ते आपलं नातं सांगतात. केनेथ वारला 858 साली. कागदावर खात्रीने सापडणारे पहिले मॅकग्रेगर मात्र चौदाव्या शतकातले. कुळाचं नाव ज्याच्यावरून पडलं तो ग्रेगर, आणि त्याचा मुलगा, एका डोळ्याचा इयन. मधल्या पाचशे वर्षांचा हिशेब भाटांच्या जिभेवर आहे. आपल्याकडच्या वंशावळी सूर्य-चंद्रापर्यंत जातात, तेव्हा हसण्याचा हक्क आपल्याला नाही.

माझ्या मते मॅकग्रेगरांच्या गोष्टीत राजाचं रक्त हा मुद्दाच नाही. मुद्दा जमिनीचा आहे.

तलवारीची जमीन आणि कातड्यावरची जमीन

मराठीत 'कूळ' या शब्दाचे दोन अर्थ आहेत. एक वंश, दुसरा दुसऱ्याची जमीन कसणारा, कूळकायद्यातलं कूळ. मॅकग्रेगर दोन्ही अर्थांनी कूळ होते, आणि त्यांचं सगळं दुखणं या दोन अर्थांच्या मध्ये आहे.

ग्लेन ऑर्की, ग्लेन स्ट्रे, ग्लेन लायन ही त्यांची खोरी. 'ग्लेन' म्हणजे खोरं. पिढ्यान्‌पिढ्या ते तिथे राहिले, गुरं चारली, आपली माणसं पुरली. आम्ही ही जमीन तलवारीच्या जोरावर राखली, म्हणून ती आमची, असं डोंगरातले लोक मानत. पण राजाच्या दरबारात तलवार चालत नव्हती. तिथे मेंढीच्या कातड्यावर लिहिलेली सनद लागे. ती होती शेजारच्या कॅम्बेलांकडे. कॅम्बेलांनी राजाची बाजू धरली, चांगली लग्नं जुळवली, वकील ठेवले, कागद जमवले. सोप्या भाषेत सांगायचं तर राहणारे मॅकग्रेगर आणि सातबारा कॅम्बेलांचा. पंधराव्या शतकाच्या मध्याला कॅम्बेलांनी ऑ सरोवराच्या टोकाला किलखर्नचा किल्ला बांधला. त्याचे पडके बुरूज आजही पाण्यात आपलं प्रतिबिंब बघत उभे आहेत, आणि पर्यटक त्याचे फार सुंदर फोटो काढतात.

नुसता सातबारा दुसऱ्याचा असून बिघडत नाही. कूळ नांदू शकतं, जोवर मालक नांदू देतो. 1560 च्या सुमारास ग्लेनऑर्कीच्या कॉलिन कॅम्बेलने तरुण सरदार ग्रेगर रॉय याची वारस म्हणून नोंद करायला नकार दिला. तलाठ्याने फेरफार अडवला की काय होतं ते ज्यांनी अनुभवलंय त्यांना पुढचं सांगायला नको. फरक इतकाच, की ग्रेगर रॉयकडे तलवार होती. 1562 पासून सात-आठ वर्षं तो लढत राहिला. शेवटी सापडला, आणि 7 एप्रिल 1570 रोजी टे सरोवराकाठी कॉलिन कॅम्बेलने त्याचं डोकं उडवलं.

त्याची बायको मॅरियन कॅम्बेल घराण्यातलीच, ग्लेन लायनच्या डंकन कॅम्बेलची मुलगी. मांडीवर लेकरू आणि नवऱ्याचा जीव घेणारे माहेरचे भाऊबंद. तिने अंगाईच्या चालीवर जो विलाप रचला तो गेलिक गायक आजही गातात. तिला दोन मुलगे होते, अलास्दर आणि इयन. त्यांचं काय झालं ते पुढे येईलच.

मग थेट नावावर बंदी का?

जमीन गेलेली माणसं काय करतात? इतरांची गुरं हाकून नेतात. हायलँडमध्ये गुरं पळवणं हा जवळपास सर्वमान्य उद्योग होता, पण मॅकग्रेगरांना दुसरा उद्योगच उरला नाही. 1589 मध्ये राजाचा वनाधिकारी जॉन ड्रमंड याचा खून झाला आणि त्याचा आळ कुळावर आला. बाल्कव्हिडरच्या चर्चमध्ये ड्रमंडच्या मुंडक्यावर हात ठेवून सगळ्या कुळाने आपल्या सरदाराबरोबर 'हे आम्ही सगळ्यांनी केलं' अशी शपथ घेतली, असं सांगतात. एकाचा गुन्हा सगळ्यांनी अंगावर घ्यायचा ही डोंगराची रीत. सरकारने पुढे तिचाच आधार घेतला: तुम्हीच म्हणता सगळ्यांनी केलं, तर शिक्षाही सगळ्यांना.

मग आली 7 फेब्रुवारी 1603 ची ग्लेन फ्रुइनची लढाई. समोर लोमंड सरोवराकाठचे कोहून. (इंग्रजी स्पेलिंग बघून हा उच्चार कुणाला सुचणार नाही, तो नाद सोडा.) कोहूनांची माणसं जास्त, घोडेस्वारही होते. पण अरुंद खोऱ्यात, चिखलात घोड्यांचा उपयोग झाला नाही. सुमारे एकशे चाळीस माणसं मारली गेली. आरोपपत्रातली लुटीची यादी एखाद्या पंचनाम्यासारखी आहे: सहाशे गाई-बैल, आठशे शेळ्या-मेंढ्या, दोनशे ऐंशी घोडे. मॅकग्रेगरांची थोडीच माणसं पडली, पण त्यात मॅरियनचा धाकटा मुलगा इयन होता.

बातमी एडिंबरोला पोचली ती चुकीच्या वेळी. 24 मार्चला इंग्लंडची राणी एलिझाबेथ वारली आणि स्कॉटलंडच्या सहाव्या जेम्सला इंग्लंडचं सिंहासन मिळालं. नव्या, श्रीमंत राज्याचा मालक व्हायला निघालेल्या राजाला घरात असला पसारा नको होता. 3 एप्रिलला राजाच्या मंत्रिमंडळाने हुकूम काढला: मॅकग्रेगर हे नाव रद्द, जो लावेल त्याला मृत्युदंड. दोन दिवसांनी राजाने लंडनचा रस्ता धरला.

मॅरियनचा थोरला मुलगा अलास्दर आता सरदार होता. आर्गाइलच्या अर्लने, म्हणजे कॅम्बेलांच्या मुख्य सरदाराने, त्याला शब्द दिला की तुला सुखरूप इंग्लंडच्या हद्दीत पोचवतो. पोचवलं. बेरिकला सरहद्द ओलांडून दिली, शब्द पाळला, आणि तिथूनच पकडून परत एडिंबरोला आणलं. असला शब्द पाळणारी माणसं आपल्याही ओळखीत असतात. 20 जानेवारी 1604 ला अलास्दर आपल्या अकरा साथीदारांसह फासावर गेला. तो सरदार, म्हणून त्याला इतरांपेक्षा एक पुरुषभर उंच टांगलं. मरणापूर्वीच्या जबाबात त्याने सांगितलं की कोहूनांवर चालून जायला मला याच आर्गाइलने भरीस घातलं होतं. खरं-खोटं कोण तपासणार? जबाब देणारा उरलाच नाही.

पण नावावर बंदी घालून होतं काय? दुसरं नाव घ्यायचं!

हा प्रश्न कुणालाही पडेल. सुरुवातीला सरकारचीही तीच अपेक्षा होती. नाव टाका, दुसऱ्या जमीनदाराचं लावा, त्याने जामीन राहावं, आणि वागा सरळ. पण कायदा तेवढ्यावर थांबला नाही. 1613 मध्ये ठरलं की पूर्वी मॅकग्रेगर असलेल्या चौघांहून जास्त माणसांनी एकत्र जमायचं नाही, आणि जवळ हत्यार बाळगायचं नाही. जेवताना मांस कापायला सुरी चालेल, पण तिला टोक नको. नाव बदललेल्या माणसाच्या ताटातल्या सुरीपर्यंत हा कायदा पोचला होता.

त्याआधी 1611 मध्ये तर आपल्याच कुळातल्या माणसाचं मुंडकं आणून देणाऱ्या मॅकग्रेगरला माफी देऊ केली होती. बाहेरच्यांना 'आग आणि तलवार' नावाचं फर्मान मिळे. त्याचा अर्थ, या लोकांची घरं जाळा, त्यांना मारा, तुम्हाला कुणी विचारणार नाही. आसरा देणाऱ्यांना जबर दंड. ग्रँट कुळाच्या सरदाराला तो भरावा लागला.

1633 मध्ये स्कॉटिश संसदेने आणखी एक फास आवळला. कुठल्याही पाद्र्याने मुलाला ग्रेगर नाव ठेवायचं नाही, कुठल्याही लेखनिकाने या नावाने करारपत्र लिहायचं नाही. आजच्या भाषेत, तुमचा जन्मदाखला निघणार नाही, खरेदीखत नोंदणार नाही, कर्ज मिळणार नाही.

जन्माने एक अख्खा समाज गुन्हेगार ठरवण्याची ही कल्पना आपल्याला अनोळखी वाटायचं कारण नाही. 1871 च्या गुन्हेगार जमाती कायद्याने ब्रिटिशांनी इथे तेच केलं. पारध्यांसारख्या किती जमातींची हजेरी लावली, आणि 1952 साली तो शिक्का कागदावरून निघाला तरी पोलीस चौकीतल्या नजरेतून अजून पुरता निघालेला नाही. दोन्ही कायद्यांचा एकमेकांशी थेट संबंध आहे असं मी म्हणत नाही. राज्यकर्त्यांचं डोकं मात्र सारखंच चाललेलं दिसतं.

ग्रँट मॅकग्रेगर कसा, याचं उत्तर

आता भाच्याचा प्रश्न. बंदीनंतर लोकांनी ज्याच्या जमिनीवर आसरा मिळाला त्याचं नाव घेतलं. म्हणून ग्रँट, ड्रमंड, मरे, स्ट्युअर्ट, ग्रॅहम. कित्येकांनी तर कॅम्बेल हे नाव घेतलं, ज्यांनी जमीन घेतली त्यांचंच! कुणी ब्लॅक, व्हाइट, किंग अशी कुणाचंच लक्ष जाणार नाही अशी नावं घेतली. कुणी नाव थोडंसं वाकवून ग्रेगरी केलं. अ‍ॅबर्डीनकडचं ग्रेगरी घराणं असंच मॅकग्रेगरांतून आलेलं म्हणतात. त्यातला जेम्स ग्रेगरी पुढे मोठा गणिती झाला, आणि 'ग्रेगोरियन' दुर्बीण त्याच्या नावाची. कॅलेंडर पोपचं, दुर्बीण याची.

अशा धाकट्या, संलग्न आडनावांना स्कॉटलंडमध्ये 'सेप्ट' म्हणतात. दुकानातल्या कीचेनच्या मागे छोट्या अक्षरात ती यादी छापलेली असते. तिच्यावर डोळे झाकून विश्वास मात्र ठेवू नये. प्रत्येक व्हाइट मॅकग्रेगर नसतो. बहुतेक व्हाइट नुसते व्हाइट असतात.

मधल्या काळाची तारीखवार हकीकत थोडक्यात: 1661 मध्ये दुसऱ्या चार्ल्सने बंदी उठवली, 1693 मध्ये तिसऱ्या विल्यमने ती परत आणली. म्हणजे एक पिढी उजळ माथ्याने मॅकग्रेगर म्हणून वाढली आणि तिला भर तारुण्यात पुन्हा नाव खाली ठेवावं लागलं. रॉब रॉय या पिढीतला.

रॉब रॉय: दरोडेखोर की व्यापारी?

जन्म 1671, कॅट्रिन सरोवराच्या टोकाला ग्लेनगाइल इथे. 'रॉय' म्हणजे तांबडा, केसांवरून पडलेलं नाव. 1693 नंतर तो आईचं आडनाव लावायचा. आई कॅम्बेल. दंतकथेने त्याला गरिबांचा वाली करून टाकलंय, पण तो मुख्यतः गुरांचा व्यापारी होता. उधारीवर पैसा उचलायचा, डोंगरातली गुरं घेऊन बाजारात विकायची. माँट्रोजच्या ड्यूककडून त्याने असाच पैसा घेतला, त्याचा माणूस तो घेऊन नाहीसा झाला असं म्हणतात, आणि 1712 च्या सुमारास रॉब दिवाळखोर आणि फरारी ठरला.

दुसरा उत्पन्नाचा मार्ग संरक्षणाचा. वर्षाला ठरलेली रक्कम द्या, तुमची गुरं चोरीला जाणार नाहीत. गेलीच तर आम्ही परत आणून देऊ. न दिली तर? तर बघू. 'मेल' म्हणजे त्यांच्याकडे खंड. या 'काळ्या खंडा'ला 'ब्लॅकमेल' म्हणत, आणि आज सर्रास वापरतो तो शब्द मूळचा स्कॉटलंड-इंग्लंडच्या सरहद्दीवरचा. चौथाईशी ओळख असलेल्या मराठी वाचकाला ही पद्धत उलगडून सांगायची गरज नाही. आपण तिला कर म्हणायचो, मोगल तिला लूट म्हणायचे.

रॉब 28 डिसेंबर 1734 ला स्वतःच्या घरात, स्वतःच्या बिछान्यात वारला. त्या काळच्या मॅकग्रेगराला ही चैनच. बाल्कव्हिडरच्या दफनभूमीत त्याची कबर आहे. नंतर तिथे बसवलेल्या पाटीवर लिहिलंय, 'त्यांच्या नाकावर टिच्चून मॅकग्रेगर'.

नाव परत आलं, आणि थाळनेरचा किल्ला

1774 मध्ये बंदी कायमची गेली. तोवर सरदार कोण हेच कुणाला धड ठाऊक नव्हतं. शेवटी 826 जणांनी सह्या करून जॉन मरे नावाच्या माणसाला सरदार मानलं. तो ईस्ट इंडिया कंपनीच्या बंगालमधल्या लष्करातला अधिकारी, आणि मरे हे घराण्याचं बंदीकाळातलं नाव. ग्लेनगाइलच्या शाखेने अर्थातच हरकत घेतली. भाऊबंदकीला गेलिकमध्ये काय म्हणतात ते भाच्याला विचारायला हवं.

जॉनचा मुलगा इव्हन. तो आपल्या खानदेशात येऊन गेला. जानेवारी 1818 मध्ये मंदसोरच्या तहाने होळकरांनी तापीकाठचा थाळनेर किल्ला इंग्रजांना द्यायचं कबूल केलं. 27 फेब्रुवारीला सर थॉमस हिस्लॉपची फौज तो ताब्यात घ्यायला गेली तेव्हा दरवाज्यात झटापट झाली. काही इंग्रज अधिकारी पडले, काही जखमी झाले. जखमींत इव्हन मरे-मॅकग्रेगर होता. त्यानंतर फौजेने आतली शिबंदी कापून काढली आणि हिस्लॉपने किल्लेदार तुळशीराम मामा याला फाशी दिली. त्या कृत्यावर खुद्द इंग्लंडमध्ये टीका झाली.

त्याच्या दोनशे वर्षं आधी ज्या कुळाच्या सरदाराला फाशी देऊन उंच टांगलं, त्याच कुळाचा माणूस हिस्लॉपच्या फौजेत होता. थाळनेरचं नाव काढलं की मला आधी हे आठवतं.

1822 मध्ये चौथा जॉर्ज एडिंबरोला आला. त्या सोहळ्यात स्कॉटलंडच्या राजमुकुटाच्या पहाऱ्याचा मान सर इव्हन आणि त्याच्या मॅकग्रेगरांना मिळाला. त्याच वर्षी क्लॅन ग्रेगर सोसायटी निघाली आणि त्याच वर्षी सर इव्हनने राजाच्या परवानगीने 'मरे' गाळून नुसतं मॅकग्रेगर लावायला सुरुवात केली.

नाव परत मिळाल्यावर सगळे साधुसंत झाले असं मात्र नाही. ग्रेगर मॅकग्रेगर नावाच्या एका गृहस्थाने याच सुमारास मध्य अमेरिकेत 'पोयाइस' नावाचा देश असल्याचं सांगून लंडनमध्ये त्याचे रोखे आणि जमिनी विकल्या. बोटीने तिथे पोचलेल्यांना फक्त जंगल सापडलं. जमीन गेलेल्या कुळातल्या माणसाने नसलेली जमीन विकली.

मग त्या चौकड्या, त्या डीएनए चाचण्या?

प्रत्येक कुळाची चौकडी, म्हणजे टार्टन, हजार वर्षांची असते असं दुकानदार सांगतो. चौकडीचं कापड जुनं आहे, पण अमुक कुळाची अमुक चौकडी हा पक्का हिशेब मुख्यतः एकोणिसाव्या शतकातला. 1822 च्या शाही भेटीने त्याची फॅशन झाली आणि मागणीनुसार नमुने तयार झाले. त्यात फसवणूक आहे असं मला वाटत नाही. पैठणीही आपण जुनी म्हणून नेसतो, सगळे रंग सातवाहनांचे नसतात.

डीएनए चाचणी बापाकडून मुलाकडे जाणारा धागा दाखवते. त्यात गंमत अशी झाली, की वेगळीच आडनावं लावणाऱ्या काही पुरुषांचा धागा सरदारांच्या घराण्याशी जुळला, आणि पिढीजात मॅकग्रेगर म्हणवणाऱ्या काहींचा जुळला नाही. यात कुणी खोटं ठरत नाही. कूळ रक्ताने जसं बनलं होतं तसं आसऱ्यानेही बनलं होतं, आणि आसऱ्याची चाचणी निघालेली नाही.

भाच्याला मी लिहिलं की दुकानदाराला वंश विचारू नकोस, गाव विचार. पणजोबा कुठल्या खोऱ्यातले? स्पे नदीकाठचे ग्रँट बहुधा ग्रँटच. पण घराणं पर्थशायरच्या डोंगरातलं असलं तर कान टवकार.

संध्याकाळी उत्तर आलं: "रॅनॉक म्हणतोय. आणि कपावर दहा टक्के सूट दिली."

रॅनॉक मॅकग्रेगरांचंच. कप घे म्हटलं.